घोणशीच्या विषाचा कागदोपत्री माग

१६७५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा एक शल्यवैद्य मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला. त्याचे नाव जॉन फ्रायर. जुन्नर तेव्हा मोगलांच्या ताब्यात होते आणि तिथल्या मोगल सुभेदाराने आपल्या जनान्यातील आजारपणासाठी कंपनीकडे वैद्य मागितला होता. फ्रायरने ही हकीकत पत्ररूपाने लिहिली आणि ती १६९८ मध्ये लंडनला पुस्तकात छापून आली. पडद्याआडून पुढे आलेल्या हाताची नाडी त्याने पाहिली तर ती निरोगी लागली. वैद्याला कितपत कळते हे ताडून पाहण्यासाठी एका धडधाकट बाईचा हात पुढे केलेला होता. परीक्षेत तो उतरला, मग खऱ्या रोग्याची नाडी त्याच्या हाती आली, आणि त्या काळच्या युरोपीय वैद्यकाच्या रिवाजाप्रमाणे त्याने शीर उघडून रक्त काढले.

फ्रायरचे जुन्नर प्रकरण बहुतेक जण शिवनेरीसाठी आणि शिवकालासाठी वाचतात. मी ते या रक्तासाठी वाचतो. नस उघडायची, हवे तेवढे रक्त वाहू द्यायचे, वर पट्टी बांधायची, की रक्त आपोआप थांबते, हा विश्वास त्या साऱ्या उपचाराच्या मुळाशी आहे. रक्त का थांबते हा प्रश्न त्या वैद्याला पडायचे कारण नव्हते. जुन्नर आणि आंबेगावच्या शिवारात मात्र असा एक प्राणी राहतो की ज्याचा दात लागल्यावर हा विश्वास काही तासांत मोडतो. त्याच प्राण्याच्या विषाने पुढे रक्त गोठण्याचे शास्त्र उलगडायला मदत केली. या दोन्ही गोष्टींचे कागद उपलब्ध आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे लक्षात येते की प्रयोगशाळेची बाजू पानापानांनी भरलेली आहे आणि चावलेल्या माणसाची बाजू जवळजवळ कोरी आहे.

हा प्राणी म्हणजे घोणस. जाडजूड अंग, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा, डिवचले की कुकरच्या शिटीसारखा लांब फूत्कार. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्यांचे पाणी फिरले, ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे आली. धान्य आणि पाचट आले की उंदीर येतात, उंदरांमागे घोणस येते. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री मिळते, म्हणून दारे धरायला माणूस अंधारात बांधावरून चालतो. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या डोंगरउतारावर हिरडा गोळा करणारे महादेव कोळी आणि ठाकर अनवाणी रानात हिंडतात. घोणस स्वतःहून अंगावर येत नाही. पाय पडला, हात लागला, तरच ती डसते. पण शेतीच्या कामात पाय पडणे आणि हात लागणे रोजचेच असते.

कागदांत घोणस प्रथम ठळकपणे दिसते ती १७९६ मध्ये, पॅट्रिक रसेलच्या हिंदुस्थानातील सापांवरच्या ग्रंथात. रसेल हाही कंपनीच्याच चाकरीतला, विशाखापट्टणमकडे राहून अभ्यास करणारा. त्याने साप रंगवून घेतले, त्यांची देशी नावे टिपली आणि कोंबड्या-कुत्र्यांवर दंशाचे प्रयोग करून वेळा लिहून ठेवल्या. इंग्रजीत आणि शास्त्रीय नावात आज घोणशीला जे रसेलचे नाव चिकटले आहे ते त्यामुळे. १८७२ मध्ये जोसेफ फेअररचा मोठा सचित्र ग्रंथ आला. त्यात एक निरीक्षण आहे, ज्याचे मोल नंतर कळले: नागाच्या विषाने मेलेल्या जनावराचे रक्त मृत्यूनंतर गोठते, घोणशीच्या विषाने मेलेल्याचे बहुधा पातळच राहते. फेअररकडे याचे स्पष्टीकरण नव्हते. तरी त्याने ते लिहून ठेवले, आणि चांगला निरीक्षक ओळखायचा तो यावरूनच.

फेअररने माणसांचे आकडेही जमवले होते. १८६९ या एका वर्षात सर्पदंशाने ११,४१६ मृत्यू, असा आकडा तो देतो. तो मुख्यतः बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातील सरकारी नोंदींवरून काढलेला आहे. त्या नोंदींत साप कोणता, हे ठरवण्याची पद्धत विश्वासार्ह नव्हती. मुंबई इलाख्यापुरता हा दोष नेमका दाखवला तो जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याने. १८९० मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा लेख आला. उत्तर कानडा जिल्ह्यातील विषारी सापांची यादी असे त्याचे स्वरूप असले, तरी इलाख्यात सर्वाधिक जीव घेणारे साप नीट ओळखलेच जात नाहीत, ही तक्रार त्याने मथळ्यातच घातली होती. रत्नागिरीत काम केलेल्या विडालला फुरसे ठाऊक होते. वीतभर लांबीचा, कुणाच्या हिशेबात नसलेला साप. त्याच्या दंशाने माणूस तिथल्या तिथे मरत नाही. रक्त झिरपत राहते आणि कित्येकदा काही दिवसांनी जीव जातो. इतक्या उशिरा आलेल्या मरणाचा संबंध इतक्या लहान सापाशी कचेरीतला माणूस जोडत नाही. विडालचे हे म्हणणे मला त्या काळातल्या कितीतरी जाडजूड अहवालांपेक्षा मोलाचे वाटते, कारण चूक सापाच्या वर्णनात नसून मृत्यूच्या नोंदीत आहे हे त्याने ओळखले.

यानंतरचा धागा परळला जातो. १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. हीच पुढे १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. मुंबईला प्लेगने वेढलेले असताना, लशीच्या बाटल्या भरल्या जात असताना, त्याच आवारात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज लॅम सापांच्या विषावर काम करत होता. काही काम त्याने हॅना या सहकाऱ्याबरोबर केले. १९०२-०३ च्या सुमारास छापलेल्या त्यांच्या निबंधांत घोणशीच्या विषाचा स्वतंत्र विचार आहे.

लॅमपुढचे कोडे असे होते. विषाची मोठी मात्रा थेट शिरेत गेली तर जनावर झटक्यात मरते आणि चिरून पाहिले तर हृदयात व मोठ्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडतात. मात्रा लहान असेल, जनावर तगून राहिले, तर त्याचे रक्त गोठण्याची शक्तीच गमावून बसते. एकच विष रक्त गोठवते आणि तेच विष ते गोठू देत नाही. युरोपात फेलिचे फोंताना याने अठराव्या शतकातच व्हायपरच्या विषाने रक्त गोठल्याचे पाहिले होते, आणि ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिनला १८९० च्या दशकात तिथल्या काळ्या सापाच्या विषात हाच दुहेरीपणा दिसला होता. लॅमने तो आपल्या घोणशीत दाखवला, आणि फेअररच्या पातळ रक्ताला प्रथमच प्रयोगाची बैठक मिळाली.

या कोड्याचा उलगडा आज असा सांगता येतो. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे विरघळलेले प्रथिन असते. जखम झाली की गोठण घटकांची एक साखळी जागी होते, शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनोजेनचे फायब्रिन करते. त्याच्या धाग्यांत रक्तपेशी अडकून गुठळी बनते. घोणशीच्या विषातील एक घटक या साखळीतील दहाव्या घटकाला थेट जागे करतो आणि दुसरा पाचव्याला. शरीरभर, जखम नसलेल्या ठिकाणीही, गोठण सुरू होते. पुष्कळ विष एकदम आले तर मोठ्या गुठळ्या होतात. सावकाश शोषले गेले तर बारीक बारीक धागे तयार होतात, शरीर ते विरघळवत जाते, आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठा संपतो. उरते ते न गोठणारे रक्त. मग हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून आणि सुई टोचलेल्या प्रत्येक छिद्रातून ते येत राहते. मूत्रपिंड निकामी होऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा माणसाच्या पायाला ब्लेडने चीर देणे, जे आजही कुठे कुठे ‘विष काढायला’ म्हणून केले जाते, म्हणजे न थांबणारी दुसरी जखम करणे.

लॅमच्या कामातील दुसरा निष्कर्ष रुग्णांच्या दृष्टीने याहून जवळचा आहे. तेव्हा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या परंपरेतला आल्बेर काल्मेत याने तयार केलेली सर्पविषावरची रक्तलस जगात गाजत होती. ती मुख्यतः नागाच्या विषावर बेतलेली होती, तरी सर्व सापांवर उपयोगी पडेल अशी तिच्याविषयी आशा होती. लॅमने दाखवले की नागाविरुद्धची लस घोणशीच्या विषापुढे कुचकामी ठरते. ज्याचे विष त्याचीच लस, हा नियम परळच्या त्या कागदांत स्वच्छ मांडलेला आहे.

इथून कथा लंडनला जाते आणि तिथे तिला अनपेक्षित वळण मिळते. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील तरुण डॉक्टर रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी काहीतरी शोधत होता. या आनुवंशिक आजारात गोठणाच्या साखळीतला एक घटक, बहुधा आठवा, कधी नववा, कमी असतो. दात काढला तरी रक्त दिवसेंदिवस वाहते. मॅकफार्लेनने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांचा प्रमुख बर्जेस बार्नेट याच्याकडून वेगवेगळ्या सापांची विषे घेतली आणि हिमोफिलियाच्या रक्तावर थेंब थेंब टाकून पाहिली. सर्वांत सरस ठरली घोणस. १९३४ मध्ये दोघांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. दहा हजारांत एक भाग इतके पातळ केलेले विष कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाताच्या खाचेत ठेवले की न थांबणारे रक्त थांबत होते. पुढे हे औषध ‘स्टिपव्हेन’ नावाने बाजारात आले.

हे का घडले, ते कळायला आणखी वीसेक वर्षे लागली. १९५० च्या दशकात दहावा घटक वेगळा ओळखला गेला. घोणशीचे विष साखळीत त्याच्यापाशीच शिरते. आठवा-नववा घटक त्याच्या आधी येतात, त्यामुळे ते नसले तरी विषाचे अडत नाही. साखळीतली कोणती कडी कुठे बसते हे ताडून पाहायला या विषासारखे दुसरे हत्यार नव्हते. १९६४ मध्ये, आता ऑक्सफर्डला असलेल्या मॅकफार्लेनने ‘नेचर’मध्ये गोठणाच्या पायरीपायरीच्या प्रपाताची कल्पना मांडली, त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी जवळजवळ तेच चित्र स्वतंत्रपणे दिले. वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी ज्या आकृतीवरून रक्त गोठणे शिकतो, ती इथली. आजही पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत, वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा अकाली गुठळ्या होणाऱ्या रुग्णांच्या तपासणीत, घोणशीचे पातळ विष घालून रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजतात. १९८६ पासून ही चाचणी रूढ झाली. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या अभ्यासातून हृदयविकारातील गुठळीविरोधी औषध टिरोफिबान घडले. विडालच्या कचेरीने ज्याला मोजले नाही त्या सापाची ही कामगिरी.

घोणशीच्या विषाचा प्रवास असा परळ, लंडन, ऑक्सफर्ड अशा नावांनी भरलेला आहे. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला त्यातून काय मिळाले, याच्या नोंदी दोन वस्तूंपाशी येऊन थांबतात: लशीची कुपी आणि काचेची नळी.

कुपी हाफकिनने दिली. १९४० च्या दशकात तिथे घोड्यांना सापांचे विष वाढत्या मात्रेत टोचून, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी एकत्र लस तयार होऊ लागली. हाफकिनमध्येच डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांवर दीर्घ काम केले. १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढलेले त्यांचे सापांवरचे पुस्तक कितीतरी वाचकांच्या हाती गेले. आजच्या कुपीवर जे लिहिलेले असते ते मन लावून वाचण्यासारखे आहे. एक मिलिलिटर लस ०.६ मिलिग्रॅम नागाचे, ०.६ घोणशीचे, ०.४५ मण्यारीचे आणि ०.४५ फुरशाचे विष निकामी करते. कुपी १० मिलिलिटरची. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे धरून भारतातील उपचारपद्धती बेतलेली आहे. म्हणजे १० कुप्या दिल्या तर ६० मिलिग्रॅमचा हिशेब लागतो. सुरुवातीला ८ ते १० कुप्या, हा नियम या गणितातून आला. लहान मुलालाही तितक्याच, कारण साप माणसाचे वय पाहून विष सोडत नाही. दंशानंतर ‘एक इंजेक्शन दिलंय’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या नातेवाइकांना हे गणित कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

नळीची गोष्ट आणखी साधी आहे. १९१३ मध्ये बॉस्टनच्या ली आणि व्हाइट यांनी काचेच्या नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत बसवली. सर्पदंशासाठी तिला नेमके रूप दिले ते डेव्हिड वॉरेल यांच्यासारख्या उष्ण कटिबंधात काम करणाऱ्या डॉक्टरांनी, १९७० च्या दशकात नायजेरियात फुरशाच्या भाईबंदाचे दंश हाताळताना. शिरेतून काढलेले २ मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिले तर फायब्रिनोजेन संपलेले आहे, विष रक्तात आहे, लस द्या. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि १९९४ मध्ये छापलेल्या अभ्यासाने या चाचणीचा निकाल फायब्रिनोजेनच्या मोजमापाशी ताडून तिला आधार दिला. भारताच्या सर्पदंश उपचारपद्धतीत तिला मध्यवर्ती स्थान आहे. लस दिल्यावर दर सहा तासांनी नळी पुन्हा लावायची, कारण नवे फायब्रिनोजेन तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

नळी काचेचीच हवी. गोठण सुरू होण्यासाठी काचेचा पृष्ठभाग रक्ताला चालना देतो, प्लास्टिक ती देत नाही. प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठणार नाही आणि विष नसताना लस दिली जाईल. नळी साबणाच्या पावडरने धुतलेली असली तरी निकाल फसतो. वीज नसली, यंत्र नसले, प्रयोगशाळेचा माणूस घरी गेलेला असला, तरी ही चाचणी होते. रात्री दोन वाजता घोडेगावच्या किंवा नारायणगावच्या रुग्णालयात आणलेल्या माणसासाठी परळ-ऑक्सफर्डचे सारे शास्त्र या नळीत येऊन बसलेले असते.

नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशावरचे उपचार हे आपल्या आयुष्यभराचे काम मानले, आणि सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये हे उद्दिष्ट ठेवून भागात प्रबोधन केले. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी, मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी आपापल्या रुग्णांचे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत छापले. या कागदांची जात पाहण्यासारखी आहे. परळच्या कागदांत ससे आणि कुत्री आहेत, लंडनच्या कागदांत दाताची खाच आहे. महाराष्ट्रातल्या या तालुक्यांच्या कागदांत पहिल्यांदा शेतात चावलेला माणूस येतो: किती वाजता चावले, किती वाजता पोचला, नळी गोठली की नाही, किती कुप्या लागल्या. विडालला जे हवे होते ते हेच.

सरकारी आकड्यांत मात्र ते फार उशिरा उतरले. या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी रुग्णालयांच्या नोंदींवरून देशभरात वर्षाला सर्पदंशाने हजार-दीड हजार मृत्यू दाखवले जात. २०११ मध्ये छापलेल्या पाहणीत घरोघर जाऊन मृत्यूची कारणे विचारली गेली आणि आकडा निघाला ४५,९०० (२००५ सालासाठी). यातले ९७ टक्के मृत्यू खेड्यांतले, आणि रुग्णालयात झालेले जेमतेम २३ टक्के. २०२० च्या पुढच्या अंदाजात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू, वर्षाला सरासरी ५८,०००. रुग्णालयाची वही खोटी नव्हती. माणसे त्या वहीपर्यंत पोचलीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले, २०२४ च्या मार्चमध्ये भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करण्यास सांगितले.

आता राहिला लॅमचा नियम. भारतातील लशीसाठी लागणारे बहुतेक विष आजही चेन्नईजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे काम मोठे आहे, पण ते विष मुख्यतः तमिळनाडूच्या सापांचे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतील घोणशींचे विष तपासले. प्रदेशागणिक विषाचे घटक आणि त्यांचे प्रमाण बदलते, आणि बाजारातील लस काही भागांतील विषापुढे अपुरी पडते, असे त्यांना आढळले. नागाची लस घोणशीला चालत नाही, हे परळच्या कागदांनी सांगून शंभराहून अधिक वर्षे झाली. दक्षिणेतल्या घोणशीची लस कुकडीच्या काठच्या घोणशीला कितपत पुरते, हे तपासायला जुन्नर-आंबेगावच्या शिवारातले विष लागेल, आणि त्याच शिवारातल्या रुग्णांच्या सहा-सहा तासांच्या नळ्यांच्या नोंदी लागतील. त्या नोंदी तालुक्याच्या प्रत्येक केसपेपरवर, वेळेसकट, लिहिल्या गेल्या पाहिजेत.